सतराच्या पाढ्यातली चूक

१

"ताई, लवकर चला! आजोबा मलाच विचारतायत, तू कोण म्हणून!"

लंबू दारात उभा होता आणि त्याच्या चपला उलट्या पायांत होत्या. मी नुकती पक्की वही उघडली होती. आदल्या संध्याकाळच्या कच्च्या चिठ्ठ्या सकाळी वहीत उतरवायच्या आणि मगच चहा प्यायचा, हा माझा एकतीस वर्षांचा शिरस्ता. त्यात कोणी मोडता घातला की माझं डोकं फिरतं.

"काल तू त्यांच्या पायावर ट्रंक आपटलीस," मी म्हटलं. "तुला विसरायचं ठरवलं असेल त्यांनी."

लंबू हसला नाही. एरवी माझ्या फालतू विनोदावरही खिदळणारा माणूस. चिठ्ठ्या कोटाच्या खिशात कोंबून मी उठले.

पाहुण्यांच्या खोलीत वाहक आजोबा खाटेच्या काठावर बसले होते. एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि हातातल्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. मला बघून त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "बाई, हे घर कोणाचं? मी इथेच राहतो का?"

काल संध्याकाळी याच माणसाने फाटकाची कडी गंजलीय म्हणून माझ्याशी दहा मिनिटं हुज्जत घातली होती.

"आजोबा, तुमचं नाव काय?"

ते ओशाळं हसले, भिंतीकडे वळले आणि पुटपुटायला लागले. "सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न..."

माझ्या मागे खळ्ळकन काहीतरी फुटलं. थोरल्या बाई उंबऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांचा कप जमिनीवर पडला होता. सतराचा पाढा त्यांचा होता.

२

आमचं ठाणं म्हणजे दोन सूर्यांच्या मधल्या काळोखात टांगलेला लोखंडी डबा. निरोपघर म्हणतात त्याला. साम्राज्य एवढं पसरलंय की यंत्राने निरोप पाठवला तर उत्तर नातवाच्या हातात पडतं. मनाला मात्र वेळ लागत नाही. म्हणून इथे तीन मनकवडे बसतात: थोरल्या बाई, लंबू आणि माझी धाकटी बहीण. तिकडच्या मनातून घ्यायचं, पुढच्या मनात टाकायचं. जन्मभर हेच. बाहेर पडायची मुभा नाही, लग्नाची नाही, पोराबाळांची तर नाहीच. मी ठोकळा आहे, म्हणजे साधं माणूस. माझ्याकडे फाटक.

मनकवड्यांना शेजारच्याच्या मनातलं आपोआप ऐकू येतं. म्हणून आपल्या मनावर पडदा टाकायला प्रत्येकजण आत एक पाढा घोळवत ठेवतो. घरातल्यांचे पाढे ठरलेले: थोरल्या बाईंचा सतराचा, लंबूचा एकोणीसचा, धाकटीचा तेवीसचा. वाहकाने मात्र दर फेरीला पाढा बदलायचा असतो. आत येताना त्याने तो माझ्यापुढे मोठ्याने म्हणायचा आणि मी चुकांसकट टिपून घ्यायचा. जाताना तोच पाढा त्याच चुकांसकट म्हणता आला तर फाटक उघडतं. चेहरे बदलून घेणारे लोक मी बघितलेत. पाढ्यातली चूक बदललेला एकही बघितला नाही.

आजोबा एका दूरच्या वसाहतीहून यादी घेऊन निघाले होते आणि रात्रीपुरते आमच्याकडे उतरले होते. परीक्षेत मनकवडी ठरलेल्या पोरांची यादी. अशी यादी कागदावर ठेवायला किंवा मनकवड्यांमार्फत धाडायला बंदी आहे. ती परीक्षकांकडेही उरत नाही, फक्त वाहकाच्या डोक्यात मोहोरबंद जाते. या वेळी एक्केचाळीस पोरं होती. सगळ्यात धाकटी तीन वर्षांची.

आणि आता त्या डोक्यात काही नव्हतं. कोणीतरी आजोबांची पाटी पुसली होती. आमच्याकडे पाटी पुसणं ही सगळ्यात मोठी शिक्षा. नाव जातं, आई जाते, भाषा तेवढी राहते. आणि एक गोष्ट राहते, ती सगळ्यांना ठाऊक आहे: पुसणाऱ्याने त्या वेळी जो पाढा घोळवला असेल, तो पुसलेल्याच्या तोंडात बसतो.

यादीबरोबर आलेल्या साहेबांनी आम्हाला जेवणघरात उभं केलं. साहेब बुटके, गोरे, सतत रुमालाने हात पुसणारे. त्यांच्यामागे त्यांचा झडतीवाला, तिशीचा, मान खाली घालून. झडतीवाला हाही मनकवडाच, पण साम्राज्याच्या मर्जीतला; त्याने हात लावला की पडदा टिकत नाही. त्याने एकेकाच्या कपाळाला बोटं लावली. थोरल्या बाई. लंबू. धाकटी.

"साफ," तो म्हणाला. "तिघंही साफ आहेत, साहेब."

साहेबांनी रुमालाची घडी घातली. "म्हाताऱ्याच्या तोंडात सतराचा पाढा. सतरावाली साफ. म्हणजे तिघांनी मिळून काहीतरी भानगड केलीय. मला वर अहवाल द्यायचाय आणि त्यात भोक चालत नाही." मग माझ्याकडे बोट केलं. "फाटकवाल्या बाई, तुम्हाला कोणाचं मन वाचता येत नाही आणि तुमचं कोणालाही वाचता येतं. तुमच्याइतकं भरवशाचं इथे कोणी नाही. विचारा यांना. दुपारच्या तिसऱ्या घंटेला माझं जहाज सुटतं. तोवर नाव मिळालं नाही तर तिघांच्याही पाट्या पुसायच्या. त्यात एक तरी खरा निघेलच."

धाकटीने माझ्याकडे बघितलं नाही. मी घड्याळाकडे बघितलं. साडेचार तास उरले होते.

३

लंबूला मी कोठारात गाठलं. तो डब्यांवर बसून नखं खात होता.

"रात्री काय करत होतास?"

"दाढ दुखत होती. लवंग धरून पडलो होतो. ताई, मी कशाला पुसू त्यांना? मला मफलर दिला त्यांनी!"

"कसला मफलर?"

त्याने गळ्यातला दाखवला. चांगला जाड लोकरीचा, बाहेरच्या बाजारातला. "काल जेवणानंतर. म्हणाले, घे, मला लागायचा नाही आता. आणि माझ्याकडून शाईची दौत मागून घेतली."

"शाई? वाहकाला लिहायला बंदी असते."

"तेच म्हटलं मी. तर म्हणाले, यादी नाही लिहीत रे बाबा, घरचं लिहायचंय. त्यांना घर कुठलं, ताई? पंचेचाळीस वर्षं जहाजातच काढलीत त्यांनी."

थोरल्या बाई आपल्या खोलीत ताठ बसल्या होत्या. साठी उलटलेली, तोंड फटकळ. माझ्याहून फटकळ असं एवढंच माणूस मी बघितलंय. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

"आलीस? ये. घाल बेड्या."

"बाई, मी फक्त विचारायला..."

"मी केलं असतं ना, तर माझा पाढा मागे ठेवून आले नसते. एवढी अक्कल आहे मला. आणि दुसरं सांगते. तो म्हातारा चुकतोय! नवव्याला चुकतोय. पाच वेळा ऐकलं मी दारातून. माझा पाढा एकोणचाळीस वर्षांत एकदा चुकलेला दाखव तुझ्या वहीत. दाखव!"

नव्हता चुकलेला. दरवर्षीच्या तपासणीत आधी जुना फाटकवाला आणि मग मी त्यांच्या नावापुढे 'बिनचूक' लिहीत आले होते.

"हे साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणे, पुसलेल्या डोक्यात होते सरमिसळ. मूर्ख मेला." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "तुझ्या बहिणीला विचार. ती काल गरम पाणी घेऊन म्हाताऱ्याकडे गेली होती. रिकामं भांडं घेऊन बाहेर यायला तिला तासभर लागला."

मी तशीच धाकटीकडे गेले. ती निरोपाच्या खुर्चीत बसून होती, पण निरोप घेत नव्हती.

"तासभर काय करत होतीस तिथे?"

"पाय शेकत होते त्यांचे."

"तासभर?"

तिने माझा हात धरला. "ताई, मला काही विचारू नकोस. खरंच नको. तुला सांगितलं म्हणजे साहेबांना सांगितल्यासारखं आहे. तुझं डोकं काचेचं आहे."

मी तिथेच चिडले. भीती वाटली की मी चिडते, लहानपणापासून. "मग काय करू? तिसरी घंटा वाजायची वाट बघू?"

"थोरल्या बाईंना काही होणार नाही, एवढं मी बघेन," ती म्हणाली.

४

मी पुन्हा आजोबांकडे गेले. त्यांना आता दोन्ही मोजे घालता आले होते आणि त्याचा त्यांना केवढा आनंद झाला होता.

त्यांचा कोट खुंटीवर उलटा टांगलेला होता, अस्तर बाहेर. सकाळी मला ते दिसलं होतं, पण मनात आलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षं जहाजात काढलेला टापटिपीचा माणूस कोट उलटा कशाला टांगेल? मी जवळ गेले. अस्तरावर शाईने लिहिलेलं होतं, मोठ्या सुवाच्य अक्षरात. उठल्याबरोबर नजरेला पडावं असं.

'हा कोट तुझा आहे. चहा बिनसाखरेचा. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, लोकांना डावीकडे बसव. गुडघा दुखला तर चाल, बसून राहू नकोस. घाबरू नकोस, तुला कोणी फसवलेलं नाही. तू चांगला माणूस होतास असं म्हणवत नाही. पण शेवटी एक काम बरं केलंस.'

मी ते तीनदा वाचलं. आजोबांना ठाऊक होतं. सकाळी आपण आपल्याला ओळखणार नाही, हे त्यांना आदल्या संध्याकाळीच ठाऊक होतं, आणि ते त्यांना हवं होतं. मफलर वाटून टाकला, शाई मागितली, नव्या माणसासाठी चार ओळी लिहून ठेवल्या. इथे कोणी कोणावर हल्ला केलाच नव्हता.

पण कोणीतरी हात दिला होता. मी खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसले.

"आजोबा, तो पाढा म्हणा ना. सगळा."

त्यांना तेवढंच येत होतं, त्यामुळे त्यांनी हौसेने म्हटला. "...सतरा साते एकशे एकोणीस. सतरा आठे एकशे छत्तीस. सतरा नवे एकशे चोपन्न. सतरा दाहे एकशे सत्तर."

एकशे चोपन्न. त्रेपन्न नाही.

आख्ख्या साम्राज्यात सतरा नवे एकशे चोपन्न म्हणणारी दोनच माणसं आहेत. त्यातली एक मी.

५

मी नऊ वर्षांची होते आणि ती पाच. घराच्या पायरीवर बसून मी पाढे पाठ करायची. सतराच्या पाढ्यात नवव्याला दरवेळी एकशे चोपन्न म्हणायची. आई ओरडायची, मी पुन्हा तेच म्हणायची. एके दिवशी धाकटी शेजारी भातुकली मांडून बसली होती आणि मी मनात पाढा म्हणत होते. ओठसुद्धा हलत नव्हते. ती मध्येच बोलली, "सतरा नवे एकशे चोपन्न." तिला दहापर्यंत मोजताही येत नव्हतं. माझ्या डोक्यातून तिने तो पाढा आख्खा उचलला होता, माझ्या चुकीसकट.

पुढल्या महिन्यात परीक्षेचं जहाज आलं. सात वर्षांच्या आतल्या पोरांनाच तपासतात. त्याहून मोठी पोरं पाढे शिकतात, पडदा टाकायला लागतात, मग ती सापडत नाहीत. आईने धाकटीला शिकवून ठेवलं होतं: गप्प बसायचं, वेंधळ्यासारखं बघायचं. ती सुटलीच होती. जाता जाता त्या परीक्षक बाईंनी माझ्या गालाला हात लावून विचारलं, "तू खरं बोलणारी मुलगी दिसतेस. तुझ्या बहिणीला न सांगता काही कळतं का गं?"

मी खरं बोलले. मला बक्षीस म्हणून रंगीत पेन्सिलींचा डबा मिळाला. यादी वर पोचली आणि ते धाकटीला घेऊन गेले. आई माझ्याशी नंतर कधी धड बोलली नाही.

या फाटकावरची नोकरी मी मागून घेतली, ती इथे आहे म्हणून. आणि वहीत एकही खोटी नोंद केली नाही. लोक म्हणतात, केवढी प्रामाणिक बाई! त्यांना काय सांगणार?

आता सरळ हिशेब होता. मी गप्प बसले तर तिघांच्याही पाट्या पुसणार. कोटाचं सांगितलं तर साहेब म्हणणार, म्हातारा राजी होता, बरं, पण पाढा सतरावालीचा. आणि थोरल्या बाई जाणार. त्या जायला लागल्या की धाकटी पुढे होऊन कबूल करणार, तिने मला तसं जवळजवळ सांगितलंच होतं. खरं बोललं तर ती जाणार. कुठूनही गेलं तरी वाट तिच्यापाशीच येऊन थांबत होती.

दुसरी घंटा वाजली.

६

मी फाटकावरच्या माझ्या खोलीत आले, दार लावलं आणि खिशातून चिठ्ठ्या काढल्या. सकाळच्या धांदलीत पक्की नोंद राहूनच गेली होती. झडतीवाल्याची चिठ्ठी: एकोणतीसचा, बिनचूक. आजोबांची चिठ्ठी: तेराचा, बिनचूक. खाली माझी सही.

आजोबा काल तेराचा पाढा म्हणून आत आले होते, आणि ते फक्त मी ऐकलं होतं. पुसणाऱ्याचा पाढा तोंडात राहतो. आजोबांनी स्वतःच स्वतःची पाटी पुसली असती, तर तोंडात त्यांचाच पाढा राहिला असता. म्हणजे वहीत त्यांच्या नावापुढे सतराचा असं असतं, तर...

लिहिणं सोपं होतं. पण साहेब माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचे नाहीत. झडतीवाल्याला म्हणणार, वाच हिला. माझं डोकं काचेचं.

आणि मग सकाळचं दृश्य डोळ्यांपुढे आलं. थोरल्या बाई. लंबू. धाकटी. तिघांच्या कपाळाला बोटं लावून तो माणूस म्हणाला होता, तिघंही साफ.

पण धाकटी साफ नव्हती!

अगं बाई! मी उठून उभी राहिले. त्याचा हात लागला की पडदा टिकत नाही, एवढंच त्याचं काम. धाकटीच्या कपाळाला बोटं लावल्यावर त्याला सगळं दिसलंच असणार: गरम पाणी, आजोबा, तो तासभर. त्याला ते सकाळीच कळलं होतं आणि तो साहेबांच्या तोंडावर खोटं बोलला होता. का, ते मला माहीत नव्हतं. कदाचित घाबरून, कदाचित दुसरा काही डाव असेल. झडतीवाल्याची झडती कोणी घेत नाही. पण जो एकदा खोटं बोललाय, तो दुसऱ्यांदा खरं बोलला तर पहिलं उघडं पडेल. माझ्याकडे धरायला एवढाच धागा होता.

मी टाक उचलला. आजोबांच्या नावापुढे लिहिलं: सतराचा. नवव्याला चूक, एकशे चोपन्न. एकतीस वर्षांतली पहिली खोटी नोंद, आणि अक्षर कधी नव्हे इतकं सुंदर आलं. तेराची चिठ्ठी चावून गिळली. आमच्या स्वयंपाक्याच्या हातच्या पोळीपेक्षा काही वाईट लागली नाही.

७

जेवणघरात सगळे उभे होते. आजोबांनाही आणून बसवलं होतं. साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"नाव?"

"नाव सांगते साहेब. पण त्याला तुम्हाला काही शिक्षा करता यायची नाही. त्याने ती स्वतःच करून घेतलीय." मी कोट टेबलावर पसरला. "वाचा."

साहेबांनी वाचलं. खिशातून आजोबांनी नेमणुकीच्या वेळी लिहून दिलेली शपथ काढून अक्षर ताडून बघितलं. एकदा, दोनदा. मग रुमाल काढला.

"म्हातारा फितूर होता. ठीक. पण हात सतरावालीचा." त्यांनी थोरल्या बाईंकडे मान वळवली. "चला, बाई."

थोरल्या बाई ताठ उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात धाकटी हलली. तिने एक पाऊल पुढे टाकलं, तोंड उघडलं.

"थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की आजोबा दचकले. "थोरल्या बाईंचा पाढा बिनचूक आहे. एकोणचाळीस वर्षांचा पुरावा आहे. हे नवव्याला चुकतात. आता ही नोंद बघा." मी वही उघडून सरकवली. "काल फाटकातून आत येताना वाहकाने म्हटलेला पाढा. सतराचा. नवव्याला चूक. पुसणाऱ्याचा पाढा तोंडात राहतो ना साहेब? हा त्यांचाच पाढा आहे."

धाकटी जागच्या जागी थांबली. कालचा तेराचा पडदा तिने स्वतः ऐकला असणार.

साहेब वहीवर वाकले. "स्वतःची पाटी स्वतःला पुसता येते?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"येते," झडतीवाला सावकाश म्हणाला. "पण तशी इच्छा असावी लागते. आजवर कोणाला झालेली नाही." हे खरं आहे की त्याने तिथल्या तिथे बनवलं, ते मला आजतागायत माहीत नाही.

साहेब माझ्याकडे रोखून बघत राहिले. "यातली एक तुमची सख्खी बहीण आहे."

"हो साहेब. ती मनकवडी आहे हे साम्राज्याला मीच सांगितलं होतं. नऊ वर्षांची होते. कागद काढून बघा, बक्षीस मिळाल्याची नोंद सापडेल."

हे बोलताना माझा आवाज फुटला. ते नाटक नव्हतं. साहेबांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली. तरीही ते म्हणाले, "वाच हिला."

झडतीवाला माझ्यासमोर आला. त्याची बोटं कपाळाला टेकली. मला पडदा टाकता येत नाही. त्याला सगळं दिसणार होतं: चिठ्ठी, तेराचा पाढा, पायरीवरची भातुकली, पेन्सिली. मी लपवायचा प्रयत्नच केला नाही. मनात एकच वाक्य जितकं स्पष्ट म्हणता आलं तितकं स्पष्ट म्हटलं: तू सकाळी खोटं बोललास, बाळा. आता माझ्यासाठी आणखी एकदा बोल.

त्याची बोटं हलली नाहीत. भिंतीवरच्या नळीतून हवा सुसू करत होती. लंबूचे ओठ हलत होते, एकोणीसचा पाढा म्हणत असणार. तिसरी घंटा वाजायला लागली आणि वाजून संपली.

"खरं बोलतायत, साहेब," झडतीवाला म्हणाला.

८

जहाज सुटायच्या आधी झडतीवाला फाटकात पाढा म्हणायला आला. साहेब पुढे गेले होते. रिकाम्या डोक्याचा म्हातारा त्यांना नकोच होता. इथेच ठेवून घ्या म्हणाले. झडतीवाल्याने एकोणतीसचा पाढा म्हटला, बिनचूक. मी कडी काढली. कडी खरंच गंजली होती.

"का?" मी हळूच विचारलं.

"यादीतली सगळ्यात लहान पोर तीन वर्षांची आहे," तो म्हणाला. "मीही तीनच वर्षांचा होतो." आणि मान खाली घालून गेला.

आत आले तेव्हा धाकटी आजोबांना चहा देत होती. बिनसाखरेचा, आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसून. मी कट्ट्यावर टेकले.

"त्यांनीच विचारलं मला," ती आपणहून बोलायला लागली. आता साहेब नव्हते. "पाय शेकताना म्हणाले, तू कुठल्या वसाहतीची? कोणत्या वर्षी आणलं? मी सांगितलं. तर रडायलाच लागले. त्या वर्षीची ती यादी त्यांनीच नेली होती, ताई. माझं नाव त्यांच्याच डोक्यातून गेलं होतं. म्हणाले, ही एक यादी मला पोचवायची नाही, हात दे." तिने डोळे पुसले. "मी तेवीसचा धरूनच बसले होते. पण ते काम फार जड असतं. मधेच सुटला आणि पहिल्यांदा शिकलेला आला तोंडात. तो थोरल्या बाईंचा पाढा आहे हे सकाळी लक्षात आलं. मी कबूल करणारच होते."

"माहीत आहे मला. म्हणून तर ओरडले."

"पुन्हा तिथे परीक्षेचं जहाज सहा वर्षांनी येईल. तोवर सगळ्यांचे पाढे पाठ झालेले असतील." ती थोडं थांबली. "आज सकाळी एक्केचाळीस पोरं आपापल्या घरीच उठली असतील."

एवढी वर्षं एकाच छपराखाली राहून जे कधी तोंडातून निघालं नव्हतं, ते शेवटी काढलं. "त्या पेन्सिली," मी म्हटलं, "त्या मी एकदाही वापरल्या नाहीत गं. डबा अजून तसाच आहे माझ्या ट्रंकेत."

तिने आजोबांच्या हातातला कप सरळ केला आणि माझ्याकडे बघितलं.

"माहीत आहे, ताई," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुझं डोकं काचेचं आहे."